सुमारे वीस टक्के

काचेच्या खोक्यात आम्ही दोघं, मी आणि एबरहार्ट,
अर्धा अर्धा तास वाटून घेतलेला.
समोर, म्युनिकबाहेरच्या अपील मंडळाच्या दालनात
एका पांढऱ्या पिशवीवरून भांडण चाललंय:
सोयाबीन, ऑलिव्ह, माशाचं तेल, अंड्यातलं लेसिथिन
आणि पाणी, जे कोणाच्याच मालकीचं नाही.
दुधासारखी दिसते. दूध नव्हे.
शिरेतून जाते, जिभेला पत्ता लागत नाही.

पहिला तास एका शब्दावर गेला.
दाव्यात लिहिलंय: माशाचं तेल, सुमारे वीस टक्के.
सुमारे म्हणजे किती? अठरा? सतरा पूर्णांक सहा?
डॉक्टर झाइलर म्हणतात, जाणकाराला ते कळतं.
विरोधी पक्षाच्या हॉल्मक्विस्टबाई म्हणतात,
जाणकाराला तेच तर कळत नाही.
सुमार शब्द, पण कोट्यवधी युरो त्याला लटकलेले.
मी दोन्ही बाजू सारख्याच आवाजात सांगितल्या.
पगार त्याचाच आहे.

हा जाणकार मला बावीस वर्षं भेटतोय.
त्याला खुर्ची नाही, कॉफीचा कप नाही,
तरी त्याच्यावाचून पान हलत नाही.
जगातला प्रत्येक कागद त्याने वाचलाय,
जपानी पेटंटं, बंद पडलेली नियतकालिकं,
आणि कल्पनाशक्ती? दमडीची नाही.
कायद्यानेच दिलेली नाही.
त्याच्यापुढे कागद क्रमांक तीन ठेवतात, मग कागद क्रमांक सात,
आणि विचारतात: याने हे दोन्ही एकत्र ओतले असते का?
ओतता आले असते, ते नव्हे.
ओतले असते का?
अख्खा खटला या दोन क्रियापदांच्या फटीत.

(मलाही ल्युबेकला परत जाता आलं असतं.)

दुपारी तक्ता चार.
अकरा बाळं, सरासरी वजन नऊशे चाळीस ग्रॅम,
चौदाव्या दिवशी यकृताचे आकडे उतरलेले.
शेवटच्या रकान्यात दहाच.
तळटीप: एकाला अभ्यासातून वगळले.
हॉल्मक्विस्टबाईंनी विचारलं ते एवढंच,
की भागायचं दहाने की अकराने.
मी ‘वगळले’ म्हटलं आणि माइकचं बटण दाबून धरलं.
खोकल्यासाठी असतं ते.
एबरहार्टने पाण्याचा पेला सरकवला.

मग संशोधक. टोर्केल ब्रुंडिन, वय एक्क्याऐंशी.
आधी परवानगी, मग चार मिनिटं.
म्हणाले, सात वेळा फाटलं.
तेल वर, पाणी खाली. रात्री दोन वाजता
काचेला नाक लावून बघत बसायचो.
आठव्यांदा टिकलं, तो शुक्रवार.
सोमवारीही टिकून होतं. मधले दोन दिवस
मी घरी का गेलो नाही, ते बायकोला सांगता आलं नाही.

अध्यक्षबाई सौम्यपणे म्हणाल्या,
शोध कसा लागला याची हकिगत मंडळ विचारात घेत नाही.
हे त्यांच्या कानात पोचलं ते माझ्या आवाजात.
त्यांनी हेडफोन काढला, दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला,
जणू आत काहीतरी सांडेल.

नंतर पर्यायी विनंत्या. दुसरी, चौथी, पाचवी.
दर खेपेला पिशवी आणखी अरुंद:
एकोणीस ते एकवीस, फक्त अकाली जन्मलेल्यांसाठी,
थेंबाचा व्यास तीनशे नॅनोमीटरच्या आत.
सातव्या विनंतीत ‘सुमारे’ खोडला.
सहा वाजून दहा मिनिटांनी तेवढंच वाचलं.
दोन्ही पक्षांनी आपण जिंकल्यासारखे कोट चढवले.

फलाटावर ब्रुंडिन उभे होते, ब्रेझेलवरचं मीठ
नखाने खरवडत. डॉक्टरांनी मना केलंय म्हणाले.
मी ‘गाडी सहा मिनिटांत’ म्हटलं, तसे वळले:
अरे, तुम्ही तो आवाज.

सहा मिनिटं होती.
त्या अकराव्याचं काय झालं,
मला विचारता आलं असतं.